छपाईच्या हॉलमध्ये कॉम्प्रेस्ड एअरचं धुकं: नोझलची संख्या शेवटी ठरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 40 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 5 मीटर उंच छपाईचा हॉल. कोरड्या दिवसांत आत आर्द्रता 30 टक्क्यांपर्यंत उतरते, कागदाच्या कडा आकसतात, स्थिर विजेमुळे कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन उचलले जातात, रंगांचं रजिस्टर, म्हणजे एकावर एक रंग नेमके बसणं, हलतं. हवेच्या दाबावर चालणारी धुक्याची यंत्रणा बसवायची आहे. एक पुरवठादार 20 नोझल सांगतो, दुसरा 36. कोणाचं बरोबर? आहे तोच कॉम्प्रेसर पुरेल का? नळाचं पाणी चालेल का? आणि मशीनवर पाणी पडणार नाही ना?

बरीच वर्षं या यंत्रणा बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेल्या दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून सांगतो: दोघेही बरोबर असू शकतात आणि दोघेही चूक. तुमच्या हॉलमधून दर तासाला किती हवा बाहेर जाते हे दोघांपैकी कोणी मोजलंय का, ते आधी विचारा. मोजलं नसेल तर 20 काय आणि 36 काय, दोन्ही अंदाजच आहेत. हॉलच्या घनफळावरून नोझल मोजण्याची पद्धत सर्रास चालते, पण ती चुकीची आहे. हॉल म्हणजे बंद डबा नव्हे, बुडाला भोकं असलेली बादली आहे. बादली किती मोठी यापेक्षा भोकं किती मोठी यावर नळ किती सोडायचा ते ठरतं.

हिशोब करून बघू. बाहेरची हवा 32 अंश आणि 25 टक्के आर्द्रतेची धरली, तर तिच्या प्रत्येक किलोत साधारण 7.4 ग्रॅम बाष्प असतं. आत तुम्हाला 26 अंश आणि 55 टक्के हवेत, म्हणजे किलोमागे 11.6 ग्रॅम. फरक 4.2 ग्रॅमचा. तुमच्या हॉलचं घनफळ 5,000 घनमीटर. दर तासाला ही हवा दोनदा बदलत असेल तर 10,000 घनमीटर, वजनात सुमारे 12,000 किलो हवा ताशी येते-जाते. 12,000 गुणिले 4.2 ग्रॅम म्हणजे ताशी 50 लिटर पाणी. तीच हवा तासाला चारदा बदलत असेल तर 100 लिटर. हॉल तोच, मशीनं तीच, कागद तोच, आणि पाणी दुप्पट. तुमच्या दोन पुरवठादारांतला फरक बहुधा इथेच दडलेला आहे. लहान आकाराचं नोझल ताशी 2.4 लिटर देतं असं धरलं, तर 20 नोझलचे 48 लिटर होतात आणि 36 चे 86. एकाने हवाबदल दोन धरला असेल, दुसऱ्याने साडेतीन.

मग हवाबदल मोजायचा कसा? सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाशी ॲनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजणारं उपकरण, धरून वेग घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचा आणि बेरीज करायची. ड्रायरचे धुराडे, शाई-सॉल्व्हंटचे हूड, धूळ ओढणारी यंत्रं, कंप्रेस्ड हवेने कात्रणं उडवणारे पाइप, सगळे त्यात धरा. पण दारं-फटींतून जाणारी हवा यात सापडत नाही. ती पकडायला कार्बन डायऑक्साइडची रीत चांगली. कामगार बाहेर असताना, पण सगळे पंखे नेहमीसारखे चालू ठेवून, सिलिंडरमधून थोडा वायू सोडून हॉलची पातळी 2,000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 2,000 भाग) आसपास न्यायची, पंख्यांनी नीट मिसळू द्यायचा आणि उतार नोंदवायचा. बाहेरच्या पातळीपेक्षा जितका जास्त आहे तो भाग निम्म्यावर यायला 21 मिनिटं लागली तर हवाबदल ताशी 2. साडेदहा मिनिटांतच निम्मा झाला तर 4. एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

यंत्रणा आधीच बसली असेल तर पाण्याचा मीटरच हे मोजमाप करतो. ताशी 50 लिटर खरोखर हवेत जातंय आणि आत-बाहेरच्या हवेत फरक फक्त किलोमागे 2 ग्रॅमचा पडतोय, म्हणजे 25,000 किलो हवा हॉलमधून वाहते आहे. माझ्या सुरुवातीच्या काळातला एक हॉल आठवतो. आर्द्रता 42 टक्क्यांच्या वर सरकेना. आम्ही नोझल वाढवले, पुन्हा वाढवले, काटा तिथेच. शेवटी मीटरवरून उलटा हिशोब मांडला तेव्हा हवाबदल कागदावर लिहिलेल्याच्या कितीतरी पट निघाला. शोधलं तर एका बंद पडलेल्या ड्रायरचा एक्झॉस्ट फॅन दिवसरात्र चालू होता, कोणाच्या लक्षातच नव्हता. तो बंद केला आणि वाढवलेली अर्धी नोझल काढून ठेवावी लागली. त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय नोझलचा आकडा देत नाही. मालक घाई करतो, तरीही नाही.

हवेइतकाच महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा दुसरा ग्राहक म्हणजे माल. कागद, सूत, लाकूड, तंबाखू हे सगळे हवेतलं बाष्प स्वतःत ओढून घेतात. कोरडा आलेला कागद 55 टक्के हवेत ठेवला तर त्याच्या वजनाच्या एखाद-दोन टक्के पाणी सहज पितो. ताशी एक टन कागद हॉलमधून जात असेल आणि त्याने फक्त 1 टक्का ओलावा घेतला, तरी ते ताशी 10 लिटर झाले. कापसाच्या धंद्यात हे सगळ्यांना पाठ असतं. 20 अंश आणि 65 टक्के हवेत कापसाचा मान्य ओलावा 8.5 टक्के धरतात आणि सुताचं वजनही त्यावरच ठरतं. खरं तर या शास्त्राची सुरुवातच कागद आणि कापसापासून झाली. विलिस कॅरिअर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली ती रंगीत छपाईत कागद आकसतो-फुगतो म्हणून, आणि ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द 1906 मध्ये स्टुअर्ट क्रॅमर यांनी वापरला तो कापड गिरण्यांच्या संदर्भात. तुमची अडचण त्याच घराण्यातली आहे.

म्हणजे हवाबदल दोन निघाला असं धरून हवेसाठी 50, कागदासाठी 10, एकूण 60 लिटर. त्यावर दहा-बारा टक्के राखीव. 28 नोझल, ताशी 67 लिटर. राखीव यापेक्षा जास्त ठेवू नका. गरजेपेक्षा फार मोठी यंत्रणा सतत चालू-बंद होत राहते, प्रत्येक चालू-बंदला थेंब पडण्याचा धोका असतो, आणि आर्द्रता वर-खाली झोके घेते. कागदाला 50 टक्क्यांवर स्थिर राहिलेली हवा 45 ते 60 मध्ये हिंदकळणाऱ्या हवेपेक्षा शतपटीने बरी.

आता धुक्याबद्दल. दोन प्रवाहांच्या, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही घेणाऱ्या, नोझलमध्ये दाबाची हवा अतिवेगाने सुटते आणि पाण्याच्या धारेच्या चिंध्या करते. चांगल्या नोझलमधून 3 बार दाबाला सरासरी 10 मायक्रॉनच्या आतला थेंब मिळतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक लिटर पाणी 10 मायक्रॉनच्या थेंबांत वाटलं तर जवळपास 1.9 लाख कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकत्र पृष्ठभाग 600 चौरस मीटर भरतो. म्हणून ते पाणी पाहता पाहता हवेत विरतं. थेंब विरायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: चौपट मोठ्या थेंबाला सोळापट वेळ. त्यात भर म्हणजे मोठा थेंब खालीही भराभर येतो. 10 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला 3 मिलिमीटर उतरतो, 50 मायक्रॉनचा 75 मिलिमीटर. म्हणजे ओलं करण्याचं काम सरासरी थेंब करत नाही, मोजके मोठे थेंब करतात. पुरवठादार सरासरी आकार सांगतो. तुम्ही त्याला सगळ्यात मोठा थेंब किती मायक्रॉनचा, तो कोणत्या दाबाला आणि नोझलपासून किती अंतरावर मोजला, हे विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्याशी पुढची बोलणी करा.

पाणी नोझलपर्यंत दोन प्रकारे पोचतं. एका प्रकारात पाण्यालाही थोडा दाब देतात. दुसऱ्यात हवेच्या वेगामुळे निर्माण होणारी ओढच पाणी वर खेचते, त्याला आम्ही सायफन प्रकार म्हणतो. पाण्याची टाकी नोझलच्या थोडी खाली, साधारण 10 सेंटिमीटर खाली असते आणि फ्लोट व्हॉल्व्ह तिची पातळी स्थिर ठेवतो. मशीनच्या डोक्यावर बसवायचं असेल तर मी सायफन प्रकारच निवडतो. कारण साधं आहे: हवा थांबली की पाणी आपोआप मागे पडतं, टपकायला काही उरतच नाही. मात्र याची किंमत फिटरला मोजावी लागते. टाकी आणि नोझल यांच्यातलं उंचीचं अंतर सगळीकडे सारखं हवं. नोझलच्या एका रांगेला एका बाजूला पाच सेंटिमीटर कल राहिला, तर एका टोकाची नोझल जास्त पाणी ओढतात आणि मोठे थेंब टाकतात, दुसऱ्या टोकाची उपाशी राहतात. म्हणून ब्रॅकेट बसवताना लेझर लेव्हल लावा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

दाबाच्या पाण्याचा प्रकार घेतलात तर कंट्रोलचा क्रम बिनचूक हवा. सुरू करताना आधी हवा, दोन-तीन सेकंदांनी पाणी. बंद करताना आधी पाणी, मग नोझल कोरडं होईपर्यंत हवा. हा क्रम उलटला की प्रत्येक वेळी चार थेंब पडतात आणि ते नेमके छापलेल्या कागदावर पडतात. वीज अचानक गेली तर काय होतं, हेही विचारून घ्या. पाण्याचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर आपोआप बंद होणाऱ्या जातीचा हवा, आणि लाइनमध्ये उरलेलं पाणी बाहेर काढून देणारा ड्रेन व्हॉल्व्ह वीज गेल्यावर उघडणाऱ्या जातीचा.

कॉम्प्रेसरकडे वळतो. वर धरलेलं लहान नोझल 3 बारला मिनिटाला 29 लिटर मोकळी, म्हणजे दाबण्यापूर्वीची, हवा खातं. 28 नोझलना 812 लिटर, गळती आणि राखीव धरून मिनिटाला एक घनमीटर. नोझलचे काही प्रकार यापेक्षा बरीच जास्त हवा घेतात, लिटरभर पाण्यामागे 0.7 घनमीटरपासून 1.3 घनमीटरपर्यंत. हा आकडा वाकवता येत नाही, म्हणून तुलना करताना नोझलच्या किमतीपेक्षा याकडे बघा. नोझल एकदाच विकत घ्यायचं असतं, हवा रोज. मिनिटाला एक घनमीटरसाठी साधारण 6 ते 7 किलोवॅट लागतात, म्हणजे लिटरमागे 0.1 युनिट. विजेवर वाफ करून तेच पाणी हवेत सोडायचं तर लिटरमागे पाऊण युनिट. उलट 70 बारच्या उच्च दाबाच्या पंपावरचं धुकं लिटरमागे एका युनिटचा शंभरावा भागही घेत नाही. मग कॉम्प्रेस्ड एअर कशाला? थेंब बारीक मिळतो, नोझलची भोकं मोठी असल्याने तुंबणं कमी, आणि 5 मीटर उंचीच्या, मशीनांनी भरलेल्या हॉलमध्ये थेंबाला विरायला जागा थोडीच असते. तुमचा हॉल 10 मीटर उंच आणि मोकळा असता तर मी उच्च दाबाचा विचार आधी करायला सांगितलं असतं.

आहे तो कॉम्प्रेसर वापरायचा तर तो आता किती वेळ लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबत, चालतो ते आठवडाभर नोंदवा. नव्वद टक्के वेळ लोडवर असेल तर त्याच्यात हा भार घेण्याची ताकद नाही, आणि हवेचा दाब पडला की आधी थेंब जाडा होतो, मग खाली पडतो. दाब कमी झाल्यावर धुकं बंद करणारा प्रेशर स्विच म्हणूनच सक्तीचा. शिवाय धुक्याला 3 बार हवा लागते आणि कारखान्याचा कॉम्प्रेसर 7 बारला दाबतो, ती वरची मेहनत रेग्युलेटरमध्ये वाया जाते. प्रत्येक बारमागे साधारण 7 टक्के वीज. हंगामात रोज दोन पाळ्या चालणार असेल तर या कामासाठी वेगळा, कमी दाबाचा कॉम्प्रेसर काही वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो.

हवेच्या शुद्धतेवर मात्र तडजोड नको. ही हवा थेट माणसांच्या श्वासात जाते. तेल असलेला स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर, त्यामागे तेलाचे बारीक थेंब अडवणारा कोअलेसिंग फिल्टर, आणि शेवटी तेलाची वाफ शोषणारा सक्रिय कोळशाचा फिल्टर. दाबाच्या हवेच्या शुद्धतेचं मानक आयएसओ 8573-1, त्यात तेलासाठीची पहिली श्रेणी हे लक्ष्य ठेवा. लोक विचारतात, ओलावा द्यायचाय तर हवा वाळवायची कशाला? कारण न वाळवलेल्या हवेतलं पाणी पाइपात साठतं, गंज आणि तेल बरोबर घेतं आणि तोच चिखल नोझलमधून बाहेर येतो. आम्हाला ओलावा हवा आहे, पण तो शुद्ध पाण्यातूनच.

हवेची मुख्य लाइन ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप नको. मिनिटाला एक घनमीटर हवा 4 बारला नेताना वेग सेकंदाला 6 मीटरच्या आसपास ठेवायचा, तर आतला व्यास 28 मिलिमीटर लागतो. लाइन हॉलभोवती वळसा घालून परत जोडली, म्हणजे रिंग केली, तर शेवटच्या नोझललाही पहिल्याइतकाच दाब मिळतो. प्रत्येक झोनला, म्हणजे नोझलच्या स्वतंत्र गटाला, स्वतःचा रेग्युलेटर आणि गेज हवा, आणि तो गेज जमिनीवर उभं राहून वाचता आला पाहिजे. शिडी लावून वाचायचा गेज कोणी वाचत नाही.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलंत, चालेल का नळाचं? नाही. धुक्यातलं पाणी विरतं, क्षार विरत नाहीत. तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 400 मिलिग्रॅम धरा. दोन पाळ्यांत, 16 तासांत, 67 लिटरच्या हिशोबाने 1,070 लिटर पाणी हवेत जाईल आणि त्याबरोबर 428 ग्रॅम बारीक पांढरी पूड. महिन्याच्या 25 दिवसांत जवळपास पावणेअकरा किलो. ती कागदावर, रोलरवर, सेन्सरवर, विजेच्या पॅनेलमध्ये आणि कामगारांच्या फुप्फुसात जाईल. आरओने 95 टक्के क्षार काढले तर रोजची पूड 21 ग्रॅमवर येते. आधी पाणी मृदू करणारा सॉफ्टनर पुरेसा आहे असं कोणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. नोझल कमी तुंबेल, पूड मात्र तेवढीच पडेल.

आरओचं पाणी क्षारांसाठी भुकेलेलं असतं. तांबं, पितळ, जस्त यांना ते हळूहळू खातं. म्हणून आरओपासून पुढे फक्त स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्रतीचं प्लास्टिक. एखादी पितळी एल्बो चालून जाईल असं फिटर म्हणेल, तिथे ठाम राहा.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण पुढची गोष्ट या सगळ्यात सर्वांत गंभीर आहे. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या लोकांना न्यूमोनिया होऊन अनेकजण दगावले आणि त्यातून लेजिओनेला जिवाणूची ओळख झाली. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, साधारण 20 ते 45 अंशांत, आणि बारीक थेंबांतून श्वासात जातो. आपण बनवतोय ते नेमकं बारीक थेंबांचंच यंत्र आहे. म्हणून पाण्याची टाकी झाकणबंद आणि लहान ठेवा, काही तासांपुरतीच. पाणी आरओतून गेल्यावर त्यात क्लोरीनही उरत नाही, त्यामुळे टाकीनंतर यूव्ही दिवा लागतोच. आणि कुठेही मृत शाखा ठेवायची नाही, म्हणजे भविष्यात नोझल वाढवू म्हणून सोडलेला आणि टोपण लावलेला पाइपचा तुकडा. त्या दोन फुटांत महिनोन्महिने पाणी कुजतं. यंत्रणा काही तास थांबली की लाइन आपोआप रिकामी व्हावी आणि सुरू होताना पहिलं पाणी नोझलऐवजी ड्रेनमध्ये जावं, एवढं ऑटोमॅटिक हवं. पाण्याचे नमुने ठरावीक काळाने प्रयोगशाळेत द्या. जर्मनीचं व्हीडीआय 6022 हे मार्गदर्शक वाचलंत तर स्वच्छतेची शिस्त किती बारकाईने पाळायची याचा अंदाज येईल.

आता नोझल कुठे बसवायचे. तुमच्या 5 मीटरच्या हॉलमध्ये जमिनीपासून साडेतीन ते चार मीटरवर, छतापासून किमान एक मीटर खाली, तोंड किंचित वर. धुक्याची दिसणारी शेपटी कोरड्या हवेत दीड-दोन मीटरमध्ये विरते, पण हॉल 55 टक्क्यांवर आला की तीच शेपटी लांबते. पहिल्या दिवशी कोरड्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी. शेपटीच्या वाटेत समोर चार-पाच मीटर काहीही नको: तुळई नको, केबल ट्रे नको, दिवा नको. धुकं ज्याला आदळतं तिथे थेंब जमतात आणि मग टपकतात. लोक नोझलला दोष देतात, खरा दोषी केबल ट्रे असतो. दोन शेपट्या समोरासमोर भिडू देऊ नका, थेंब एकमेकांना मिळून जड होतात. हॉलमधली हवा ज्या दिशेने वाहते त्याच दिशेला तोंड करा. जागा ठरवण्याआधी अगरबत्तीचा धूर घेऊन शिडीवर अर्धा तास घालवा. नकाशात न दिसणारे एसीचे झोत आणि मशीनवरून वर चढणारी गरम हवा, दोन्ही धुरात दिसतात. मशीनवरचे गरम प्रवाह आपले मित्र आहेत, धुकं त्यांच्या कडेला सोडलं की लवकर विरतं. एसीच्या थंड ग्रिलसमोर मात्र कधीच नाही.

थंड पृष्ठभागांचंही बघा. 26 अंश, 55 टक्के हवेचा दवबिंदू 16 अंशांच्या थोडा वर येतो. त्याखालचं तापमान असलेलं काहीही घाम धरेल: इन्सुलेशन फाटलेला थंड पाण्याचा पाइप, थंड रात्री छताचा पत्रा. असं टपकणारं पाणी धुक्याचं वाटतं पण नसतं, आणि नोझल कितीही बदलले तरी थांबत नाही.

धुकं हवेतून उष्णता घेतं, हा व्यवहार कोणी नीट समजावून सांगत नाही. दर तासाला एक लिटर पाणी विरण्यासाठी सुमारे 0.68 किलोवॅट उष्णता लागते. हवेत विरणाऱ्या 50 लिटरसाठी 34 किलोवॅट. किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी विरलं की तापमान अडीच अंशांनी उतरतं, म्हणजे 4.2 ग्रॅमसाठी 32 अंशांची बाहेरची हवा 22 पर्यंत उतरेल. मशीनांची उष्णता तिला परत 26 वर आणते. उष्ण, कोरड्या हंगामात हा फुकटचा गारवा आहे. पण थंडीत, मशीनं निम्मी बंद असताना, हीच गोष्ट उलटते. हवा थंड झाली की तिची बाष्प धरायची ताकद घटते, टक्केवारीचा काटा वर दिसतो, यंत्रणा थांबते, आणि मशीनं तापली की हवा कोरडीच निघते. तेव्हा हॉल तापवावा लागतो. कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. त्याचा गरम झोत डॅम्पर (हवेची वाट बदलणारी झडप) लावून थंडीत हॉलमध्ये वळवता येतो, उन्हाळ्यात बाहेर. दोन मीटर डक्टचं काम आहे.

याच कारणाने कंट्रोलरला फक्त टक्केवारीवर चालवू नका. तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजून दवबिंदूवर चालणारा कंट्रोलर घ्या. सेन्सर कागदाच्या उंचीवर, जमिनीपासून दीड मीटरवर, धुक्याच्या वाटेबाहेर, दारापासून आणि मशीनच्या उष्णतेपासून लांब. एवढ्या हॉलला निदान चार सेन्सर आणि चार झोन. त्याखेरीज पूर्णपणे वेगळा एक वरच्या मर्यादेचा ह्युमिडिस्टॅट (आर्द्रतेवर चालणारा स्विच), जो मुख्य कंट्रोलर अडकला तरी 70 टक्क्यांना पाणी तोडेल. सेन्सर सरकतात, कागदाच्या धुळीत तर लवकरच. तपासायला महागडं उपकरण लागत नाही. मिठात थोडं पाणी घालून ओलसर लगदा करा, तो हवाबंद डब्यात ठेवा, सेन्सर आत लटकवा आणि काही तास तापमान स्थिर राहू द्या. 25 अंशांना त्या डब्यातली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सर 69 दाखवत असेल तर वर्षभर तुम्ही जास्तीचं पाणी मारत होतात.

बसवून झाल्यावर नोझल लावण्याआधी दोन्ही लाइन मोकळ्या सोडून भरपूर धुवा आणि फुंका. पाइप कापताना पडलेला कीस पहिल्या तासात निम्मे नोझल तुंबवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पाण्याच्या लाइनच्या टोकाला पांढरं कापड बांधूनच सही करतो. कापड स्वच्छ निघालं की नोझल. मग हॉल 55 टक्क्यांवर आणा, प्रत्येक शेपटीच्या खाली आणि पुढे काळा कागद धरा आणि दहा मिनिटांनी बघा. ठिपका दिसला तर त्या नोझलचा दाब आणि टाकीची पातळी तपासा. सकाळी सुरुवात पाळीच्या दीड तास आधी करा. वरच्या हिशोबाने नुसत्या हवेला 55 टक्क्यांवर यायला साधारण पाऊण तास लागतो आणि रात्रभर कोरडा पडलेला कागद पहिल्या तासात आपला वाटा आधी उचलतो.

देखभालीत नोझल सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात भिजवून धुवा, तारेने कधीच कोरू नका. भोकाच्या कडेला एक ओरखडा पडला की थेंब बिघडतो आणि ते नोझल टाकूनच द्यावं लागतं. आरओनंतरची कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता, ती क्षारांबरोबर वाढते) रोज लिहा. ती हळूहळू चढू लागली की मेंब्रेन, म्हणजे आरओचा क्षार अडवणारा पडदा, संपत आलं, पांढरी पूड दिसायची वाट बघू नका. यूव्ही दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतो असं नाही. त्याचा जोर वर्षभरात उतरतो, उत्पादकाने सांगितलेले तास झाले की बदला.

आणि ओला हंगाम आला, यंत्रणा काही महिने लागणार नाही, तेव्हा नुसतं बटण बंद करून निघून जाऊ नका. टाक्या, फ्लोटची भांडी, फिल्टरची घरं रिकामी करून पुसा, पाण्याच्या लाइन दाबाच्या कोरड्या हवेने फुंका, मेंब्रेन उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणे जपणुकीच्या द्रावणात ठेवा आणि नोझलची तोंडं झाका. पुढच्या हंगामात पुन्हा सुरू करताना लाइन निर्जंतुक करा, धुवा, पहिलं सगळं पाणी गटारात सोडा आणि नमुन्याचा अहवाल हातात आल्यावरच हॉलमध्ये माणसं असताना धुकं सोडा.